चौदा पोती शेंगदाणे आणि काडेपेट्यांची मालगाडी

तेहतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली पाहिल्या. त्या आठवायच्या तर आता जुन्या डायऱ्या शोधाव्या लागतात. एक केस मात्र डायरी न उघडता आठवते आणि आठवली की एकटा बसलेलो असलो तरी हसू येतं. त्या केसमध्ये आरोपी नव्हता, फिर्यादी नव्हता आणि गुन्हाही नव्हता. तरीही आम्ही आठ जणांनी छापा घातला होता.

सोलापुरात स्टेशनजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवृत्तीला आठ महिने उरले होते. टेबलावर रोज मोबाईलचोरी, भाऊबंदकी आणि दुकानापुढच्या पार्किंगची भांडणं. जाता जाता एखादी मोठी केस हाताला लागावी असं कोणत्या अधिकाऱ्याला वाटत नाही? आता अनुभवाने सांगतो, या वाटण्यासारखी वाईट गोष्ट नाही. ज्याला मोठी केस हवी असते त्याला ती कुठंही दिसते.

खबर आणली मालधक्क्याजवळच्या एका चहावाल्याने. माणूस विश्वासातला. आल्या आल्या त्याने दार लोटून घेतलं.

"साहेब, तीन म्हातारी हायत. दर रविवारी एका घरात जमत्यात. जाताना माझ्याकडं चहा घेत्यात. म्हातारी हायत, पर लई पक्की. होटगीची मालगाडी, बावीस डबे, सील, चौदा पोती, हेच चाललेलं असतंय. परवा एकजण म्हनला, या रविवारी चौदा पोती काढायचीच."

"कसली पोती?"

"शेंगदाण्याची."

मालगाडीचे डबे फोडणारी टोळी! खरं तर हा विषय रेल्वेच्या पोलिसांचा. त्यांना कळवणं माझं कर्तव्य होतं. मी उद्या कळवू म्हटलं आणि रविवारी सकाळी दहा वाजता स्टेशन डायरीत 'छाप्याकामी रवाना' अशी नोंद करून निघालो.

घर रेल्वे लाईन्स वस्तीतलं, बैठं, दारात तुळस. निम्मे लोक मागच्या दाराला लावले, निम्मे माझ्याबरोबर. शेजारचे दोन पंच घेतले. सूचना स्पष्ट होती की मी शिट्टी वाजवली की दोन्हीकडून आत घुसायचं. मी चपला चुकवत अंगणात पाऊल टाकतोय तोवर घरातूनच खणखणीत शिट्टी वाजली. मागची मंडळी हुकमाची पक्की. ती स्वयंपाकघरातून आत घुसली आणि मी माझ्याच छाप्याला सगळ्यात शेवटी पोहोचलो.

आत एका लांब टेबलावर बावीस काडेपेट्या एका ओळीत मांडलेल्या. प्रत्येकीवर बारीक अक्षरात नंबर. टेबलाभोवती तीन वृद्ध. शिट्टी आणि हिरवं निशाण हातात असलेले मालगाडीचे निवृत्त गार्ड. कानामागे पेन खोचलेले, घराचे मालक, होटगी स्टेशनवर मालाची नोंद ठेवणारे निवृत्त मालबाबू. आणि तिसरे एक निवृत्त शाळामास्तर, ज्यांनी रेल्वेत एक दिवस नोकरी केली नव्हती, पण वेड असं की जुने रेल्वेचे कागद रद्दीवाल्याकडून वजनावर आणायचे. तिघांनाही नावं होती, पण सगळे त्यांना गार्डसाहेब, मालबाबू आणि मास्तर असंच म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो.

हवालदार दरडावून म्हणाला, "मालगाडी कुठाय?"

"होम सिग्नलला उभी हाय," गार्डसाहेब म्हणाले. "मास्तर लाईन द्यायला तयार न्हाईत."

हवालदाराने खिडकीतून बाहेर पाहिलं.

पाच मिनिटांत मला सगळं कळलं. जुनी मालगाडी जशी कागदांवर चालायची तशी ही मंडळी दर रविवारी टेबलावर चालवत होती, मास्तर त्यात स्टेशनमास्तर व्हायचे आणि गाडीला आत येऊ द्यायचे. डब्यांची यादी, गार्डची वही, सीलचे नंबर, सगळं खरं, त्या काळचं. मी मनात म्हटलं, संपलं. पण एकदा डायरीत 'छाप्याकामी रवाना' लिहिलं की 'काही मिळून आले नाही' लिहून परत जायला फार जड जातं. म्हणून मी आवाज चढवून विचारलं, "आणि चौदा पोत्यांचं काय?"

गार्डसाहेबांनी निशाण गुंडाळलं.

"ती चोरीला गेली, साहेब. म्हणजे असं लोक म्हणतात. चाळीस वर्षं झाली."

तेव्हा होटगीला अरुंद आणि रुंद अशा दोन मापांचे रूळ भेटायचे. दक्षिणेकडून लहान गाडीतून माल यायचा, हमाल तो मोठ्या गाडीत भरायचे. एके दिवशी शेंगदाण्याची पोती आली. एका डब्यात मावेनात म्हणून चौदा शेजारच्या डब्यात टाकली. गार्डसाहेबांनी कागद पाहून सही केली आणि गाडी सोलापूरला आणली. इथं मोजली तर चौदा पोती कमी. चौकशी बसली. सिद्ध काही झालं नाही, पण नोकरीच्या कागदात 'संशय' असा शेरा पडला आणि कॉलनीत नाव पडलं ते 'शेंगदाणे गार्ड'. लग्नाच्या पंगतीत वाढपी मुद्दाम विचारायचे, "गार्डसाहेब, शेंगाची चटणी वाढू का?" त्या दिवसापासून या माणसाने शेंगाची चटणी तोंडात घातली नव्हती. सोलापुरात राहून चाळीस वर्षं! याला मी जन्मठेपच म्हणतो.

"मला आता काय नको," गार्डसाहेब म्हणाले. "ती पोती गेली कुठं, एवढं मरायच्या आधी कळू दे. म्हणून दर रविवारी तीच गाडी चालवतो. तोच दिवस, तेच डबे."

रिकाम्या हाताने जायचं नव्हतं, म्हणून मी पंचनामा सुरू केला. तिथं आमची खरी फजिती झाली. हवालदार लिहू लागला आणि मालबाबू त्याच्या खांद्यावरून वाचू लागले.

"तारीख घातली, येळ कुटं हाय? पानाला नंबर न्हाई. कार्बन एकच? आमी पाच प्रती काडायचो."

हवालदाराच्या कपाळाला घाम. त्याने कोपऱ्यातल्या मालबाबूंच्या पेटीकडे पाहून लिहिलं, 'संशयास्पद कागदांनी भरलेली पत्र्याची पेटी, एक.' यावर गार्डसाहेब पुढे सरसावले.

"मोजले का कागद? न मोजता भरलेली पेटी कशी लिहिता? आमच्याकडे न मोजलेल्या मालाच्या पावतीवर शेरा असायचा, 'आत अमुक असल्याचे सांगतात.' म्हणजे आम्ही पाहिलं नाही, जबाबदारी आमची नाही. एकतर तसं लिहा, नाहीतर मोजा."

मला हे पटलं. पण तेवढ्यात जे झालं ते आमच्या धंद्यात लक्षात ठेवायची गोष्ट आहे. इतका वेळ पानाच्या नंबरासाठी भांडणारे मालबाबू अचानक म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की साहेब. 'असल्याचे सांगतात' असं लिवा अन् मोकळं व्हा. कशाला मोजत बसताय?"

जो माणूस टाचणीचाही हिशेब मागतो तोच 'मोजू नका' म्हणाला की पोलिसाने बाह्या सरसावाव्यात. मी स्वतः खाली बसलो आणि पेटी उघडली.

आत डब्यांची लेबलं होती. प्रत्येक डब्याच्या दोन्ही बाजूंना असं एक जाड कागदाचं लेबल खळीने चिकटवायचे. त्यावर कुठून, कुठं, काय माल. लेबल नाही तर तो डबा बेवारस. कुणाचा, कुठं जायचा, कुणाला पत्ता नाही, गाडी नेईल तिकडे जायचा. पेटीतली लेबलं मळकी, फाटकी, पावसाने पसरलेली, पाठीवर वाळलेली खळ. एकेक उलटून पाहत गेलो. दोनशेहून जास्त झाली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन सापडली. पुढे सुवाच्य अक्षर, 'होटगी ते सोलापूर, शेंगदाणे, पोती १४.' तारीख टेबलावरच्या गाडीचीच. पाठीमागे दोन्ही कोरी. ना खळ, ना डाग.

डब्याला लागलेलं लेबल कधी कोरं राहत नाही. ही दोन्ही डब्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

मी ती खिशात ठेवली. संशयिताला वेगळं बसवून विचारायचं असा नियम आहे, म्हणून मालबाबूंना स्वयंपाकघरात नेलं. त्यांच्या बायकोला बाहेर जायला सांगितलं. त्या जाता जाता म्हणाल्या, "दूध उतू जाईल, बगा जरा." चौकशी मी दुधावर लक्ष ठेवून केली.

लेबलं पुढे धरली आणि मालबाबू ओट्यालाच टेकले.

"डबं भरून झालं तवा दुपार झाली व्हती. लेबलं लिवली, तर खळ संपलेली. म्हनलं जेवून येतो अन् लावतो. खिशात घातली. जेवून आलो तवर गाडी गेली व्हती."

"सोलापूरला फोन करायचा."

"नवी नोकरी, साहेब. म्हनलं सापडत्यात की, चौदा पोती कुटं लपत्यात व्हय? सांजच्याला कळलं, डबा बिनलेबलाचा पुढं गेला. दुसऱ्या दिशी गार्डसाहेबांवर चौकशी. मग तोंडच उघडंना. दर रविवारी म्हनतो, आज सांगीन."

"मग ही लेबलं जाळून का टाकली नाहीत? सुटला असता."

मालबाबूंनी मान वर केली. त्या अवस्थेतही त्यांना माझा राग आला होता.

"रेकॉर्ड हाय, साहेब. रेकॉर्ड कुनी जाळतंय व्हय?"

एवढ्यात दूध उतू गेलं.

बाहेर येऊन मालबाबूंनी लेबलं टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. गार्डसाहेबांनी चष्मा लावला, पुढून वाचलं, मागून पाहिलं.

"क्या बाबू," ते हळू आवाजात म्हणाले. "चालीस साल? अन् दर रविवारी माझ्यासंगट बसून शोधत होतास?"

मी मध्ये पडायच्या तयारीत होतो. पण गार्डसाहेब मालबाबूंकडे पाहीनात. माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, हे लिहून द्या. शिक्क्यासकट."

कायद्यात असा दाखला देण्याची तरतूद नाही. पण जप्त माल परत करण्याची पावती असते आणि तिच्यात वर्णनाचा रकाना असतो. मी लिहिलं, 'लेबले दोन, न वापरलेली. सबब चौदा पोती बिनलेबलाच्या डब्यातून पुढे गेली, गार्डच्या ताब्यातून चोरीस गेलेली नाहीत, असे संबंधिताने पंचांसमक्ष सांगितले.' सह्या झाल्या. ठाण्यात नेऊन शिक्का मारला. गार्डसाहेबांनी तीन प्रती मागून घेतल्या आणि मालबाबूंशी एक शब्द न बोलता निघून गेले.

त्या आठवड्यात मालबाबू तीनदा ठाण्यात आले.

"मला अटक करा की, साहेब."

"कुठल्या कलमाखाली?"

"तुमीच बगा. तुमच्याकडं लई कलमं हायत."

त्यांना अटकेची भीती नव्हती. गार्डसाहेब येत्या रविवारी येतात की नाही, हीच भीती होती. त्या माणसाची मला कीव आली आणि खरं सांगायचं तर मलाही काळजी लागून राहिली.

वरिष्ठांकडून छाप्याबद्दल मला जे ऐकावं लागलं ते ऐकण्यासारखं नव्हतं. पण त्यानंतरच्या आठ महिन्यांत कुठलीही खबर आली की मी मनात आधी तो शेरा मारू लागलो, 'आत अमुक असल्याचे सांगतात.' खबऱ्या सांगतो, शेजारी सांगतात, कागदही सांगतो. उघडून, मोजून पाहीपर्यंत ते फक्त सांगणं असतं. मालबाबूंची पेटी चाळीस वर्षं कुणी मोजली नव्हती. हे तेहतीस वर्षांपूर्वी कळलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी मी साध्या कपड्यांत गेलो. मास्तर हजर होते. काडेपेट्या मांडलेल्या होत्या. मालबाबू उंबऱ्यात, हातात खळीची वाटी. दहा वाजले. सव्वादहा झाले. मालगाडीच्या गार्डला वेळेवर येण्याची सवय कुठली, असं मास्तर म्हणाले, पण कुणी हसलं नाही.

साडेदहाला गार्डसाहेब आले. मालबाबूंच्या अंगावरून आत गेले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाबू, लेबल लाव."

मालबाबूंनी चौदा पोत्यांच्या काडेपेटीच्या दोन्ही बाजूंना दोन लेबलं चिकटवली. ती काडेपेटीपेक्षा मोठी होती, डबा दिसेनासा झाला. गार्डसाहेबांनी दोन्ही बाजू तपासल्या आणि शिट्टी वाजवली. मास्तरांनी लाईन दिली. गाडी सोलापूरला पोहोचली. माल घेणारा म्हणून माझी सही घेतली, 'पोती चौदा, मोजून मिळाली.'

मग मालबाबूंच्या बायकोने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली आणि दारातच थांबल्या. गार्डसाहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि खाल्ली. बराच वेळ चावत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं. "तिखट लई झालंय," असं म्हणाले आणि पुन्हा वाटी पुढे केली.

हात पुसून त्यांनी आपली वही ओढली. गार्डच्या वहीत शेवटी एक रकाना असतो, गाडी उशिरा का आली त्याचा. चाळीस वर्षं तो कोराच होता. त्यांनी मालबाबूंकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं, 'बाबू जेवायला गेले होते.'