बैलाच्या पायातला भाव

खेमसिंग मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बोरी अरबच्या लोकांनी बाजारात कुणा थोर पुरुषाचा पुतळा उभारलाय आणि वर्गणी कमी पडल्यामुळे चौथरा राहून गेलाय. १९६२ सालचा जून महिना होता. मी अमरावतीहून नवा मास्तर म्हणून आलो होतो, आणि गावात पाऊल टाकलं तो नेमका आठवडी बाजाराचा दिवस. पुतळा एका सोडलेल्या बैलगाडीसमोर उभा होता. पांढरी टोपी, धोतर, काखेत रिकामी पिशवी, आणि नजर चाकाशी बसलेल्या बैलावर. मी दाढी करून आलो, पुतळा तिथेच. चहा पिऊन आलो, तिथेच. एका शेळीने त्याच्या धोतराचा सोगा निम्मा चघळला आणि चव न आवडल्यामुळे सोडून दिला, तरी त्याची पापणी लवली नाही. पायाशी नाव कोरलंय का म्हणून मी वाकणार, एवढ्यात बैल उठून उभा राहिला. त्यासरशी पुतळा असा झेपावला की मी मिरच्यांच्या ढिगात पडता पडता वाचलो. सावरून पाहतो तर पिशवी वांग्यांनी भरलेली आणि पुतळा मला विचारतोय, "नवे गुरुजी काय तुम्ही? चला, शाळा दाखवतो."

मास्तर चौथीचा वर्ग घेत. राहायला गावाबाहेरच्या तांड्यात. त्यांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता; वडील शेतीला लागले आणि हे खडूला. पण बैलाकडे पाहायची सवय तीन पिढ्यांत सुटली नव्हती, एवढंच मला आधी वाटलं. पुढचे चार बाजार मी त्यांच्या मागे उभा राहिलो. चारही वेळा तेच. बैल उठेपर्यंत ध्यान, बैल उठला की झेप. शेवटी राहवेना म्हणून विचारलंच.

"मास्तर, त्या बैलात काय पाहता?"

"भाव पाहतो."

"भाव बैलावर लिहिलेला असतो?"

"मंग काय तराजूत असते? तराजूत वजन असते गुरुजी. भाव बैलाच्या पायात असते."

मग त्यांनी मला चौथीच्या मुलाला समजावतात तसं समजावलं. दूरच्या गावचा माणूस अंधाराच्या आत घरी पोचला पाहिजे. ते त्याच्या आधी बैलाला कळतं. घराची आठवण आली की बैल उठतो, मान हलवतो, दाव्याला हिसका देतो, आणि मालकाचं चित्त उरलेल्या मालावरून उडतं.

"बैल बसला हाय तवर मालक राजा," मास्तर म्हणाले. "बैल उठला का मालकच गिऱ्हाईक."

"मग गाडी जुंपेपर्यंत थांबलं तर आणखी स्वस्त मिळेल."

"तिथंच तुमी चुकता. जुंपल्यावर तो वांगे गाईले चारन, पण तुमाले देणार नाही. तवा इज्जतीची गोष्ट होते."

म्हणजे बैल उठल्यापासून मानेवर जू पडेपर्यंतच्या पाचदहा मिनिटांत मास्तर आठवड्याची भाजी, कांदे आणि डाळ उरकत. इतक्या बारीक फटीतून अख्खा संसार काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

याला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव नंदा. मास्तरांची ही एकुलती मुलगी दारव्ह्याच्या हायस्कूलात आठवीत होती. तांड्यातून मॅट्रिकच्या वाटेला लागलेली पहिलीच पोर. ती तिथे ओळखीच्या एका बाईकडे राहून जेवायची, आणि बाजारात वाचेल ते त्या बाईला जायचं. मी आलो तेव्हा बाई महिन्याला वीस रुपये घेत. वर्षभरात पंचवीस झाले. बाईंचाही दोष नव्हता, त्यांच्याही घरी तेल-मीठ लागत होतंच. शेर जाऊन किलो आला होता, आणे जाऊन नवे पैसे आले होते. वांगी तीच जुनी, भाव तेवढा नवा. पगारही वाढायचा, नाही असं नाही. पण महागाई भत्ता हा आजाऱ्याला भेटायला येणाऱ्या पाहुण्यासारखा. उशिरा येतो, दोन केळी ठेवतो, आणि चार दिवस मुक्काम केल्यासारखं बोलतो.

एवढं सगळं माहीत असूनही मी ती गोष्ट हेडमास्तर नागोरावांना सांगितली. गोष्ट चांगली होती आणि माझ्या पोटात चांगली गोष्ट टिकत नाही. नागोरावांनी ती पोस्टमास्तरांना सांगितली, पोस्टमास्तरांनी कंपाउंडरला, आणि दिवाळीच्या आत बाजाराच्या संध्याकाळी पगारदार मंडळींचा एक गोल बैलांभोवती उभा राहू लागला. कुणी बोलत नसे. सगळे नुसते पाहत.

"काहून पाहून राह्यले सारे माह्या बैलाले?" वांगेवाल्या रुखमाबाईंनी एकदा विचारलं. "दीठ लावता काय?"

"पाहू दे," त्यांचा नवरा मारोती म्हणाला. "मास्तर लोक हाय. जनावर पाह्यलं नसन कधी."

पण मारोती मनात समजला होता. पुढच्या बाजाराला त्याने साडेचारलाच बैलाच्या पुठ्ठ्याला पायाचा अंगठा लावला. बैल उठला. पगारदार मंडळी तुटून पडली. दहा हात एकाच टोपलीत शिरले आणि भाव जागच्या जागी वर गेला. मग मारोतीने दर बाजारी बैल दोनदा उठवला. नागोराव दोन्ही वेळा धावले.

खेमसिंग मास्तर त्या दिवशी अर्धी पिशवी घेऊन परत निघाले. वाटेत मला म्हणाले, "कोणाले सांगतलं होतं?"

"फक्त नागोरावांना."

"मंग ठीक हाय. दवंडीचा खर्च वाचला."

एवढंच बोलले. पण नंदा तेव्हा नववीत होती, आणि दारव्ह्याच्या बाईंचा निरोप आला होता की नव्या वर्षापासून तीस. मी तांड्यात गेलो तेव्हा मास्तरांच्या पत्नी धनीबाई दारातच होत्या. "पोरीले परत आणा म्हणते माहा भाऊ," त्या म्हणाल्या. "घरी आणली तर तांडा हसते. ठेवली तर आमी काय खावावं, ते तुमीच सांगा. तुमाले सांगता लय येते."

मी खाली मान घालून चहा प्यालो. चहात साखर नव्हती, आणि ती चुकून राहिली नव्हती.

त्यानंतर मास्तर संध्याकाळच्या बाजारातून नाहीसेच झाले. महिना झाला, दोन झाले. नंदा मात्र दारव्ह्यालाच होती. मला चैन पडेना. बाजाराच्या दिवशी आमची शाळा सकाळची असे. एकदा शाळा सुटल्यावर मी भर उन्हात बाजारात गेलो. सगळीकडे शुकशुकाट. मारोतीच्या गाडीच्या सावलीत खेमसिंग मास्तर आणि मारोती भाकर खात बसले होते. बैल बसून रवंथ करत होता आणि मास्तरांची पाठ बैलाकडे होती. पिशवी भरलेली.

"मास्तर, बैल तर बसलाय."

"बैल बसला हाय, पण गिऱ्हाईक झोपलं हाय," मास्तर म्हणाले. "साऱ्यायले आता मालूम हाय, का सांजेले स्वस्त. दुपारी कोणी फिरकत नाही. याची सकाळपासून बोहनी नव्हती, ते म्या केली."

"तिसरा बाजार हाय असा," मारोती भाकरीच्या घासातून म्हणाला. "दुपारी मास्तरायले जवळपास फुकट द्या लागते, अन् सांजेले त्या बाकीच्यायकडून वसूल करा लागते."

"पण मंडळी दुपारी का येत नाहीत? त्यांना भाव दिसतोच की."

"शिकेल माणसाले एक गोष्ट शिकवली, का तो दुसरी शिकत नाही," मास्तर म्हणाले आणि माझ्याकडे पाहत राहिले. बैलाकडे पाहायचे तसेच.

या वेळी मी तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड उद्योग, आणि तो मी दोन वर्षं केला. कुणाला संशय येऊ नये म्हणून दर बाजारी संध्याकाळी नागोरावांच्या शेजारी बैलासमोर उभा राहायचो, बैल उठला की सगळ्यांबरोबर धावायचो आणि महाग वांगी घेऊन घरी यायचो. मास्तरांनी एकदाही माझे आभार मानले नाहीत. दुपारची स्वस्त वांगी तेवढी कधीमधी माझ्या दाराशी ठेवलेली असत.

नंदा १९६६ साली मॅट्रिक झाली, तिसऱ्या वर्गात. पुढच्या वर्षी तिला उमरखेडकडच्या एका खेड्यात मास्तरणीची नोकरी लागली. पहिला पगार वीस तारखेला संपला.