मामाच्या पंख्याच्या रेघा

आधीच सांगतो, मी वायरमन माणूस. परळच्या वर्कशॉपमध्ये काम शिकलो, आणि तेव्हापासून माझा विश्वास दोनच गोष्टींवर — वर देव आणि हातात टेस्टर. टेस्टर पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. मधलं काही नसतं. कुणी भुताखेतांच्या गप्पा काढल्या की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचो... म्हणून ही गोष्ट आजवर घराबाहेर काढली नाही. लोक म्हणतील, सॅम्सनचा फ्यूज उडाला.

१९६३ ची गोष्ट. इस्रायलच्या दक्षिणेला ओफाकिम गाव, त्याच्या बाहेर पाण्याच्या मोठमोठ्या पाइपांचं यार्ड होतं. माझा सख्खा मामा, रूबेनमामा, तिथे वॉचमन होता. यार्डवाल्यांनी त्याला राहायला कॅरॅव्हॅन दिली होती. चाकांवरची पत्र्याची खोली, पण चाकं केव्हाच वाळूत रुतलेली, त्यामुळे नावालाच गाडी. आत मामा, दिबोरामामी, दोन जुने टेबलफॅन आणि एक टेलिव्हिजन. बदली होऊन गेलेल्या एका इंजिनिअरने तो मामाला देऊन टाकला होता. देशाचं स्वतःचं टेलिव्हिजन तेव्हा सुरूच झालं नव्हतं. हवा बरी असली की संध्याकाळी कैरोचं चित्र दिसायचं. दोघांना अरबीचा एक शब्द कळत नव्हता, तरी बघायचे. मामा मनानेच गोष्ट रचून मामीला सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट भलतीच करून सांगायचा.

मुंबई सोडून आलो तेव्हा आम्हाला धरून ठेवणारा हाच माणूस. माझे वडील लवकर गेले, मला कामाला लावलं ते मामानेच.

त्या वर्षी एप्रिलात पेसाहचा सण झाला आणि मामा गेला. शुक्रवारची संध्याकाळ. छातीत दुखायला लागलं म्हणून यार्डातल्या कुणीतरी अँब्युलन्स बोलावली. मामाच मामीला म्हणाला, "बत्तीची वेळ टळतेय, तू लाव. मला काय होतंय?" शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, बत्ती लावायची आणि डोळ्यांवर दोन्ही हात धरून प्रार्थना म्हणायची, हे बाईचं काम. मग आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत घरातले सगळे एकमेकांना हातबोशी देतात. म्हणजे दोन्ही हात पुढे करायचे, समोरच्याचे हात हातात घ्यायचे, सोडायचे, आणि आपली बोटं आपल्या ओठांना लावायची. इथल्या बाकीच्या लोकांना हा प्रकार ठाऊकही नाही. लग्न झाल्यापासून त्या दोघांचा एक शुक्रवार हातबोशीवाचून गेला नव्हता.

मामीने डोळ्यांवरचे हात काढले तेव्हा स्ट्रेचर दाराबाहेर गेलं होतं. ती धावत बाहेर आली तोवर गाडी निघाली. मामा वाटेतच गेला. मी किर्यात मलाखीला कारखान्यात होतो, मला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.

उन्हाळ्यात यार्डाच्या नव्या मुकादमाचा, निस्सीमचा, कारखान्यात फोन आला. हा बगदादचा. मामा गेल्यावर तिथे आला आणि शेजारच्या कॅरॅव्हॅनमध्ये राहायला लागला. त्याच्याकडेही टेलिव्हिजन होता आणि कैरोची गाणी त्याला जीव की प्राण. हिब्रूत तावातावाने म्हणाला, "तुझ्या दोदाचे, त्या मामीचे, पंखे सुरू झाले की माझं चित्र फाटतं. गाणारी बाई तोंड उघडते आणि तोंडावरून नुसत्या रेघा. पंखे बंद करायला सांग, नाहीतर ऑफिसला सांगून कॅरॅव्हॅन रिकामी करून घेतो."

मामी तिथे राहत होती ती यार्डवाल्यांच्या मेहरबानीवर. गावात तिच्या नावाने फ्लॅट निघाला होता, पण ती कॅरॅव्हॅन सोडायलाच तयार नव्हती. आणि त्या पत्र्यात पंख्याशिवाय राहणं म्हणजे भट्टीत बसणं.

शुक्रवारी अर्धी पाळी करून मी कंडेन्सर घेऊन गेलो. दुखणं साधं होतं. त्या जुन्या पंख्यांच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात. ते घासून ठिणग्या पडतात, आणि ती खरखर वायरीतून आणि हवेतून टेलिव्हिजनमध्ये शिरते. मोटर साफ करायची, खरखर गिळणारा कंडेन्सर जोडायचा, संपलं. पहिला पंखा केला. रेघा निम्म्या झाल्या. दुसरा, मामाच्या खाटेजवळचा, खोलायला घेतला तर मामीने त्यावर हात ठेवला.

"हा राहू दे, समसन."

"मामी, हाच तर जास्त खराब आहे. तो निस्सीम तुम्हाला बाहेर काढेल."

"त्या रेघांत तुझा मामा येतो."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मामी रडत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती.

"शुक्रवारीच येतो. तोंड नाय दिसत नीट. हात दिसतात, असे पुढे केलेले. बत्ती लावून मी डोळ्यांवरचे हात काढते तोवर रेघा पसरतात. दर वेळेला उशीर माझाच होतो रे."

मी म्हटलं, "मामी, मन आहे, दिसतं माणसाला."

"मग दिसू दे की. तुझं काय जातं?" मग जरा थांबून म्हणाली, "आज बत्ती तू लाव. माझे डोळे मोकळे पायजेत."

"घरात बाई असताना पुरुषाने लावायची?"

"देवाला चालतं. शेजाऱ्यांचं मी बघते."

वाद घालायला वेळही नव्हता, ऊन उतरलं होतं. तिने पंखे आणि टेलिव्हिजन आधीच लावून ठेवले, कारण बत्तीनंतर बटणाला हात लावायचा नाही. पडद्यावर कुणी टाय बांधलेला माणूस बातम्या सांगत होता आणि त्याच्यावरून तिरप्या रेघा धावत होत्या. मी ग्लासातल्या खोबरेलावरची वात पेटवली. डोळ्यांवर हात धरले आणि अडखळत प्रार्थना सुरू केली. पंख्याची घरघर ऐकू येत होती, टेलिव्हिजनची खरखरही. मग बांगड्या वाजल्या. मामी पुढे झाली असावी. आणि खरखर थांबली... एकदम, गळता नळ कुणी बंद करावा तशी. पंखा मात्र चालूच होता. वारा माझ्या मानेवर येत होता.

मी डोळे उघडले. मामी पडद्यासमोर उभी, बोटं ओठांना लावलेली. चित्र धुतल्यासारखं स्वच्छ.

"झालं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने मला हातबोशी दिली. तिचे हात गार होते. त्या उकाड्यात... गार.

शब्बाथ होता म्हणून मी काही उघडून बघू शकलो नाही, बसही नव्हती, तिथेच राहिलो. शनिवारी आकाशात तारे दिसले, शब्बाथ सुटला, तसा निस्सीम दारात आला. शब्बाथचं त्याला फारसं सोयरसुतक नव्हतं, शुक्रवारी संध्याकाळी तो गाणी लावून बसलेला असायचा. खूश होता. "शावुआ तोव," म्हणजे आठवडा चांगला जावो, असं म्हणून म्हणाला, "हाताला गुण आहे तुझ्या. काल सूर्य बुडायच्या वेळेला चित्र एकदम साफ झालं." मग डोकं खाजवत म्हणाला, "पण त्याच्या आधी कसला कार्यक्रम होता रे तो? बातम्यांवरून रेघा आल्या आणि त्यात एक माणूस उभा. दोन्ही हात पुढे करून, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. बोलला काहीच नाही. मग बोटं ओठांना लावली आणि गेला. असा नट मी कधी पाहिला नाही."

मामी आत चहा गाळत होती. तिला हिब्रू थोडंफारच कळायचं, म्हणून मी मराठीत सांगितलं, तो काय विचारतोय ते.

तिने मान वर केली नाही. "सांग त्याला," म्हणाली, "तो कार्यक्रम संपला."

महिन्याभरात ती आपणहून गावातल्या फ्लॅटवर गेली. पंखाही नेला. मी तो नंतर खोलून बघितला, ब्रश तसेच झिजलेले, ठिणग्याही पडत होत्या. रेघा मात्र पुन्हा कधी आल्या नाहीत. त्याच्यासाठी आणलेला कंडेन्सर माझ्या हत्यारांच्या पेटीत तसाच पडून आहे. कितीतरी जाणत्या मेकॅनिकना विचारलं, प्रत्येकाने काहीतरी सांगितलं, पण निस्सीमने काय पाहिलं ते कुणाला सांगता आलं नाही. मलाही नाही. मामीने पाहिलं, त्या परक्या माणसाने पाहिलं. मामाचा निरोप मलाही घ्यायचा राहिला होता, आणि माझेच डोळे तेवढे झाकलेले होते.