खुंटीपासून पाच पावलं

आजवर हे कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. बांधकामाच्या शेवटच्या फोटोतून मोहाचं झाड मी वगळायला लावलं होतं. फोटो काढणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती.

कॅमेरा लावला की तो समोरच्या भिंतीला हात दाखवून म्हणायचा, "हालू नोको बाप्पा." माणसांना नाही, भिंतीला. गवंडी हसायचे. "भाऊ, हालली त आमचंच नाव खराब होईन ना!"

"म्हणूनच सांगून राह्यलो," तो कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणायचा.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. काम साधं, पण त्याचे नेम कडक.

मुलचेऱ्याच्या पुढे, नदीच्या दोन धारांमधल्या बेटावर, काठच्या गावांसाठी आखीव नगर उभं राहत होतं. सरळ रस्ते, शाळा, बाजारओळ. मी तिथे सुपरवायझर. कामाची नोंद म्हणून दर महिन्याला एकाच जागेवरून फोटो घ्यायचा. त्यासाठी त्याने जमिनीत लोखंडी खुंटी ठोकली होती. स्टँडचा पाय खुंटीला टेकल्याशिवाय तो बटण दाबत नसे. डोंग्यातून, लहानशा होडीतून यायचा, कॅमेरा लेकरासारखा मांडीवर घेऊन. सिंदेवाहीकडच्या मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचा. पाण्याची त्याला जाण होती.

घरं पुरी होत आली तेव्हा त्याने मला बोलावलं. "साहेब, मोहावरची चिखलाची रेघ पाहा. मागच्या साली पाणी तिथवरी होतं. अन् घराचं जोतं तिच्या खाली आहे."

मला ते माहीत होतं. मुरुमाचा भराव कमी पडला होता आणि उंची बरोबर असल्याची सही माझी होती.

"झाड फोटोत नको," मी म्हणालो.

"काऊन?"

"सांगतो तेवढं करा, भाऊ."

"मंग खुंटी सुटते, साहेब."

"सुटू द्या."

तो पाच पावलं सरकला. त्या दिवशी भिंतीला काही बोलला नाही.

तो फोटो पाहून घरं मंजूर झाली, लोक राहायला आले. पुढच्याच श्रावणात भरदुपारी पाणी चढलं. माणसं वाचली, धान्य, शेळ्या, मुलांची दप्तरं गेली. चौकशीत सगळे फोटो टेबलावर मांडले. शेवटच्यातच झाड नव्हतं.

"जागा कोणाच्या सांगण्यावरून सोडली?" चौकशीच्या अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. फोटोआधी ढग सरकायची वाट पाहायचा, तसा थांबला. मी समोरचा कागद वाचत राहिलो. त्या कागदावर काय होतं ते आजही सांगता येणार नाही.

"कोणाच्याच नाई," तो म्हणाला. "मलेच तिथून बरं दिसलं."

त्याने असं का केलं, मी कधी विचारलं नाही. फोटोमुळे माझीही फसगत झाली असं धरलं गेलं, माझी नोकरी राहिली. त्याला मात्र बेटावर लग्नाचे फोटो काढायलाही कोणी बोलावेना. "यानंच आमाले बुडवलं," बाया त्याच्या तोंडावर म्हणायच्या. तो स्टँड खांद्यावर टाकून डोंग्याकडे चालू लागायचा.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. मी मातीला गेलो नाही. बेटावर मात्र जाऊन आलो. खुंटी आहे, गंजलेली. मोहावर आता दोन रेघा आहेत.

तिथे त्याला अजून दगाबाज म्हणतात. बाजारओळीत उभं राहून, त्या बायांसमोर, झाड मी वगळायला लावलं हे मला सांगायचं आहे. इथे लिहिलं म्हणून ते फिटत नाही.