हरकत असेल तर बोला

जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहरात मोठ्यांपुढे ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. आणि तिथल्या एका खासगी कॉलेजात बू विगाती, म्हणजे आपल्या विगातीबाई, शिकवायच्या काय, तर चिकित्सक विचार! डोक्याला नसता ताप. दर आठवड्याला त्या स्वतःचाच एखादा लेख मुलांपुढे टाकत आणि म्हणत, “हं, फाडा मला.”

मुलं फाडतायत कसली! “फार छान लेख आहे, बू.”

“डोंबल छान! तिसऱ्या परिच्छेदात पुरावा कुठंय?”

“असेल की, बू. तुम्ही लिहिलंय म्हणजे असणारच.”

बाई चिडल्या. त्यांनी अख्खा अभ्यासक्रम मोडून नव्याने बांधला. पाठांतर बाद. मुलानं उभं राहून मत मांडायचं, बाकीच्यांनी खोडायचं, मत बदललं तर का बदललं ते सांगायचं. गुण त्या कारणाला. दोन वर्षं नुसता घसा कोरडा केला, तेव्हा कुठे यंदा पोरांची तोंडं उघडली. नस्तिती नावाची मुलगी तर “माफ करा हं, बू” म्हणत म्हणत बाईंच्याच मुद्द्याच्या चिंध्या करायची. तिला उचलून घेऊन नाचावं, असं विगातींना वाटे.

आणि एका सोमवारी बैठकीत डीन पाक कुंचोरो, म्हणजे कुंचोरो सर, म्हणाले, यापुढे सगळ्या विषयांना एकच छापील परीक्षा, चार पर्यायांतून एक निवडा. “कुणाची हरकत असेल तर बोला.”

सगळे खाली बघून लेम्परवरचं, म्हणजे चिकट भाताच्या वळकटीवरचं, केळीचं पान सोलत राहिले. पाक कुंचोरो म्हणजे विगातींचे गुरू. बाईंना नोकरीला लावलं त्यांनीच, लग्नात वडिलांच्या जागी उभे राहिले तेही तेच. बोलावं? नको? आत्ता? विगातींनी मान डोलावली. वर हसल्यासुद्धा!

घरी येऊन नवऱ्यावर उगाच खेकसल्या, भात करपवला. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी परीक्षेचं सांगून टाकलं. नस्तितीचा हात वर झाला.

“माफ करा हं, बू. तुम्ही हरकत घेतलीत?”

“नाही.”

“का?”

विगातींना इतकी लाज वाटली की त्यांनी खडू तसाच टेबलावर टाकला. “बसा. मी आलेच.”

डीनच्या खोलीत शिरल्या त्या धापा टाकतच. “सर, मला ती परीक्षा मान्य नाही. माझ्या विषयाचा जीव जाईल तिनं.”

पाक कुंचोरोंनी चष्मा काढला. “हे आज सांगतेस?”

“काल धीर झाला नाही. तुमचा मान...”

“अगं, मान कसला घेऊन बसलीस! मलाही कुठे पटली होती ती? वरून आली म्हणून पुढे ठेवली. म्हटलं, कुणी नाही तरी आमची गाती उठेल. तुझ्याकडेच बघत होतो मी.”

“मग थांबवा ना, सर!”

“सकाळीच वर पत्र गेलं. सगळ्यांची संमती आहे, असं लिहून. तू मान डोलावलीस ना, गाती.”

विगाती तिथेच उभ्या राहिल्या. वर्गात परत जाऊन नस्तितीच्या त्या ‘का?’ला काय सांगायचं, ते त्यांना सुचेना.