एक ठेवतो, एक नेतो

आमच्या मंडळाला नवी झांज घ्यायची असली की माणसं मुलगी बघायला निघाल्यासारखी निघतात. एक जाणता, एक तोंडाळ आणि एक असा, की ज्याला हे लग्न मनातून व्हायलाच नको आहे. या खेपेला तो तिसरा मी होतो.

मंडळ म्हणजे गजीचं. गजी हा आम्हा धनगरांचा नाच, बिरोबाच्या जत्रेत ढोल-झांजेवर रिंगण धरून नाचायचा. विट्याहून जतकडं जाताना आमचं गाव लागतं आणि तिथं मी कळायला लागल्यापासून ढोल वाजवतो. जाणते म्हणजे माझे चुलते, मंडळाचे म्होरके. तोंडाळ म्हणजे दुसरा ढोल वाजवणारा फौजी. पलटनीतून पेन्शन घेऊन आल्यापासून गावातल्या कुठल्याही वस्तूला त्यानं चांगलं म्हटलेलं नाही.

मिरजेच्या दुकानदारानं सतरंजीवर तीन जोड्या मांडल्या. एक पातळ पत्र्याची, मोठ्या घेराची, आरशासारखी चमकणारी. दुसरी साधी पितळी. तिसरी काशाची, जाड, मातकट रंगाची, हातात घेतली की मनगट खाली ओढणारी.

फौजीनं चमकणारी उचलली. "आमच्या बँडात असल्याच व्हत्या. एकदम कडक आवाज."

"कडक हाय म्हणूनच एका जत्रंत कड उलटंल तिची," चुलते म्हणाले. "पितळंचं तसं न्हाई. ती फुटत न्हाई, पर आवाज बसतो. ही काशाची घ्या. नातवंडं वाजीवत्याल. आन् फुटलीच तर मोड बी चांगली येती."

मोड म्हणजे जुनं भांडं मोडीत घातल्यावर वजनावर मिळतं ते. नवी झांज हातात धरून मोडीचा विचार करणारा माणूस जगात माझा चुलता एकटाच असेल. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "आरं, माणसाचीच मोड येत न्हाई. वस्तूची तरी बघावी."

मग आम्ही झांज चालवून बघितली. ही आमच्याकडची जुनी रीत. एकानं झांज एकदाच वाजवायची आणि दुसऱ्यानं पाठ फिरवून चालू लागायचं. आवाज कानातून गेला की हात वर करायचा. ज्या झांजेवर माणूस लांब जाईल ती खरी. दुकानाबाहेर भर बाजारात फौजी लेफ्ट-राइट करत निघाला. चमकणारीला त्यानं शेजारच्या चहाच्या टपरीपाशीच हात वर केला आणि गाडीचा हॉर्न आडवा आला म्हणून भांडला. पितळीला त्याहून थोडा पुढं गेला. काशाच्या झांजेला मात्र तो वळणापर्यंत गेला आणि तिथं उभा राहून बराच वेळ हात खालीच ठेवला. दुकानदार हसला. चुलत्यांनी माझ्याकडं बघितलं.

"हिला लहर न्हाई," मी म्हणालो.

त्यात थोडं खरं होतं. जोडीतल्या दोन्ही झांजा हुबेहूब एका सुरात असल्या की आवाज सरळ जातो आणि विझतो. एक किंचित चढी आणि एक किंचित उतरती असली की आवाज लहरत जातो, ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा जातो तसा. पण मी म्हटलं ते लहरीसाठी नव्हे. नवी जोड घरात आली असती तर जुनीचा विषय कायमचा संपला असता. आणि जुनीचा विषय म्हणजे माझा मित्र.

मी ढोल आणि तो झांज, असं आमचं मिसरूड फुटायच्या आधीपासूनचं ठरलेलं. ती काशाची जोड त्याच्या आज्याची. मेंढरं माळावर सोडली की आम्ही ती चालवून बघायचो. खरं तर बघायचं काही उरलं नव्हतं, पण आम्हाला दुसरा उद्योग नव्हता. तो बांधावर उभा राहून वाजवायचा आणि मी चालत सुटायचो. बाभळी मागं पडायच्या, ओढा यायचा, तरी पाठीवर तो आवाज असायचा. मी हात वर करायचोच नाही. तो लांबून ओरडायचा, "लबाडा, हात वर कर की!" मला खरंच ऐकू यायचं. अजून येतं म्हणालो तर घरचे वेड्यात काढतील.

लग्नानंतर तो गलाईला गेला. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. आमच्या भागातली निम्मी पोरं त्यापायी देशभर पांगली. हा पार दक्षिणेत, तमिळ मुलखात गेला. निघायच्या दिवशी चुलते त्याला म्हणाले, झांज देवाच्या कामाची हाय, हितं ठेव. जोड मोडायची नाही, हा आमच्यातला नियम. दोन्ही झांजा एकाच दोरीत बांधून ठेवतात, सुटी झांज घरात ठेवत नाहीत. यानं सगळ्यांदेखत दोरीची गाठ सोडली आणि एक झांज माझ्या हातात दिली.

"एक ठेवतो, एक नेतो," तो म्हणाला. "म्हंजी मला यावंच लागंल आन् तुमास्नी वाट बघावीच लागंल."

चुलते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, जशी काही गाठ मीच सोडली होती.

पण तो यायचा. जत्रेच्या आदल्या दिवशी एसटीतून उतरायचा आणि घरी जायच्या आधी माझ्या दारात येऊन पिशवीतली झांज काढायचा. तोवर वर्षभर माझ्याकडच्या झांजेला आम्ही एक पितळी जोडीला दिलेली असायची. तिला सगळे सवत म्हणायचे. तो आला की सवत खुंटीला जायची. भंडारा उधळला जायचा, त्याची झांज माझ्या ढोलावर पडायची आणि मला वाटायचं, बस, आता काही नको.

जुन्या काशात सोनं असतं असं गावात सगळे मानतात. दर जत्रेला कुणीतरी त्याला विचारायचं, "तुझ्या भट्टीत घालून बघ की एकदा." तो म्हणायचा, "सोनं असतं तर मी निम्मं गावात सोडून गेलो असतो व्हय?"

पुढं येणं लांबत गेलं. दुकान वाढलं, नातवंडं तिकडच्या शाळेत गेली, गुडघा धरला. "पुढल्या साली नक्की," असं तो फोनवर म्हणायचा. एकदा मला राहवलं नाही. फोन बाजेवर ठेवला, माझ्या झांजेवर सवत आपटली आणि विचारलं, "आली का ऐकू?"

"काय? मधीच बंद पडला बघ फोन."

फौजीनं मग सांगितलं, मोबाइल असला आवाज गोंगाट समजून गाळून टाकतो. माणसाचं बोलणं तेवढं ठेवतो. मला त्या यंत्राचा असा राग आला की दोन दिवस मी ते चार्जच केलं नाही. बोलायला काय, कुणीही बोलतं.

तर मिरजेहून आम्ही माझ्या हट्टापायी रिकाम्या हातानं परतलो. एसटीत चुलते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला झांज नको हाय. तुला त्यो पायजे."

जत्रेच्या तोंडावर विट्याकडचा एक गलाईवाला गावात आला. तिकडं माझ्या मित्राच्या शेजारीच त्याचं दुकान. त्यानं टॉवेलात गुंडाळलेली वस्तू माझ्या हातात ठेवली. वजनावरूनच मला कळलं. भट्टीच्या धुरानं काळवंडलेली ती झांज होती.

"म्हणाला, जोड पुरी करा. आता माझं काय येणं व्हायचं न्हाई."

मंडळात आनंदीआनंद झाला. खर्च वाचला, देवाची जोड देवाला मिळाली. चुलत्यांनी नवी दोरी आणून गाठ मारली आणि फौजीनं चक्क "फर्स्ट क्लास" म्हटलं. मी एकटाच तोंड पाडून बसलो. यांना कुणाला कळत कसं नाही, मला समजेना. जोड मोडलेली होती तोवर त्याला यायला कारण होतं. पुरी झाली म्हणजे तो सुटला.

जत्रेत ती वाजली. माझी झांज वर्षानुवर्षं राखेनं आणि चिंचेनं घासून पातळ झाली होती. त्याची जाडच राहिलेली. लहर आता लहर उरली नव्हती, दोन वेगळे आवाज एकमेकांच्या पायात येत होते. "सोबत घासली की हुत्याल सारखी," चुलते म्हणाले. मी वाजवत राहिलो. ढोलाला आपलं काम असतं. पण त्या दिवशी रिंगणात मला त्याची इतकी आठवण आली की ढोलाचं टिपरू हातातून सुटतंय की काय असं वाटलं.

गलाईवाला परत निघायच्या सकाळी मी ती गाठ सोडली. मित्राची झांज ठेवून घेतली आणि माझी त्याच टॉवेलात गुंडाळून गलाईवाल्याच्या हातात दिली. चुलते ओसरीवरून बघत होते. या वेळी ते रागावले नाहीत. म्हणाले, "मिरजेची ती काशाची गेली नसंल अजून. उद्याच जाऊ."

आठवडाभरानं फोन आला.

"आरं गड्या, मी माझी धाडली. तू तुझी कशापायी धाडलीस? हितं मी काय करू तिचं?"

"घिऊन ये," मी म्हणालो.

"कवा?"

"जत्रंला."

"गुडघा दुखतोय रं लय."

"मग हळू ये."

मागं तमिळमध्ये कुणीतरी गिऱ्हाईक बोलत होतं, मग तेही थांबलं. "थांब," तो म्हणाला, आणि फोन कुठंतरी टेकवल्याचा खडखडाट झाला. मी कान लावून उभा राहिलो. मागचा सगळा आवाज मधेच गेला, पोकळी आली, पुन्हा खडखड झाली.

"आली का ऐकू?" त्यानं विचारलं.

मी अंगणात उभा होतो. समोर सगळा माळ रिकामा होता. रीतीप्रमाणं हात वर करायला हवा होता.

"व्हय," मी म्हणालो, "अजून येतीया."