नुसतं आडनाव

हजेरी घेताना गायकवाडबाई कधी खाली बघत नसत. पन्नास नावं त्यांना पाठ. आधी मुलगे, मग मुली, ही आमच्या कोल्हारच्या शाळेची रीत. बाई ‘हजर’ म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या. कोण उपाशी आलंय, कोण रडून आलंय, सगळं त्यांना कळायचं. मी नवा मास्तर, भराभर नावं वाचून मोकळा व्हायचो. “सर, हजेरी म्हंजी मुंडकी मोजनं न्हाई,” असं त्यांनी मला एकदा ऐकवलंच. बाई भिंगारच्या, ख्रिस्ती, जिभेला तिखट. मला त्या फार आवडायच्या.

सहावीतला विकास लोखंडे ‘हजर’ म्हणेनासा झाला. बाईंनी मधल्या सुट्टीत जवळ घेऊन विचारलं, तेव्हा उत्तर आलं की मला मुलींत घ्या, माझं नाव विद्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी भर वर्गात मुलींच्या नावांत ‘विद्या’ पुकारलं. लेकरू हसलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं आणि वडिलांनी लेकराची शाळाच बंद केली.

शाळा समितीत जुंपली. कुणी म्हणालं, असलं काही अठरा वर्षांनंतर बघू. कुणी मोबाईलवर तृतीयपंथीयांचा कायदा वाचला, की ओळखपत्रासाठी लहानाचा अर्ज आईबापांनीच करायचा. मुख्याध्यापक दाखल्यावरचं नाव धरून बसले. बाई मात्र गप्प. मला त्यांचा रागच आला. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, “लेकरानं माज्या कानात सांगितलं हुतं. मी गावाला सांगून बसले.”

मग रोज शाळा सुटली की बाई लोखंड्यांच्या मळ्यात. बापाने पाणीसुद्धा विचारलं नाही. आठवड्याने एकदा मलाही सोबत नेलं. बापाच्या देखत त्यांनी लेकरालाच विचारलं, तुला काय म्हणून हाक मारू?

“नुसतं आडनाव घ्या, बाई. पन सगळ्यांचंच.”

बाप बांधावरून उठला. “आडनाव तर माजंच हाय,” म्हणाला. “येऊ द्या मग.”

दुसऱ्या दिवसापासून मुलगे-मुली एकत्र, आडनावाने हजेरी. वर्गात चार शिंदे, सगळे एकदम ‘हजर’ म्हणायचे. बाई त्यांच्यावर खेकसायच्या, पण हजेरी तशीच चालू ठेवली. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. भिंगारच्या दफनभूमीत लोखंडे बापलेक आले. दोघांनी मूठ मूठ माती टाकली. मग बाप माझ्याजवळ आला. “सर,” तो म्हणाला, “ही माजी विद्या. बाईंना सांगायचं राहून गेलं.”