खाटेखालचे नऊ खडे

१४ मार्च १९७४, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. सांगलीच्या रुग्णालयातील माझ्या वहीत या वेळेपुढे नोंद आहे: लघवी, चार तासांत वीस मिलिलिटर. ही नोंद जिची, ती म्हसवडकडच्या मेंढपाळ घरातील बाळंतीण होती. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला, मूत्रपिंडे मंदावलेली. अशा रुग्णांना लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड लवकर दिल्यास मूत्रपिंडे वाचतात का, हा माझ्या एम.डी.च्या प्रबंधाचा विषय. ती माझी बारावी रुग्ण, आणि पहिला डोस वाया गेला होता.

माझा संशय तिच्या सासूवर होता. म्हातारी थोड्या थोड्या वेळाने पदराआड तांब्या घेऊन सुनेवर वाकायची आणि घाईने मोरीकडे जायची. ती चोरून म्हसवडच्या सिद्धनाथाचे तीर्थ पाजते आहे, म्हणजे अंगात नोंदीबाहेरचे पाणी साठते आहे, असे अनुमान मी काढले आणि दुप्पट डोस सिरिंजमध्ये भरला. देवावर माझा विश्वास नव्हता. देवाच्या माणसांवर तर मुळीच नव्हता.

तरी पुरावा हाती असावा, म्हणून सुई टोचण्याआधी मी खाटेखालचा तांब्या ओढला. त्याला उलटीचा आंबूस वास येत होता. शेजारी नऊ खडे ओळीने मांडलेले.

“आजी, हे काय?”

“उलट्या हायत्या तिच्या. पाटंपासनं नऊ. मेंढरं मोजतो तसं खडं ठेवलं.”

“या तांब्यात तीर्थ नव्हतं?”

“आवं बाई, उलटी धरायच्या तांब्यात तीर्थ घालीन व्हय मी? तुमी शिकल्याल्या न्हवं?”

“मग सांगितलं का नाही?”

“घाण केली म्हनून हाकलत्याल, ह्ये भ्याव. परत्येक खड्याला नाथाला सांगितलं. तुमी इचारलं कवा?”

पत्रकावर ‘उलट्या: नाहीत’ हे अक्षर माझेच होते. अंग पाण्याने भरले नव्हते, कोरडे पडले होते. दुप्पट डोसाने उरलेसुरले पाणीही ओढून घेतले असते. मी सिरिंज खाली ठेवली, सलाईन वाढवले, वरिष्ठांना सारे सांगितले आणि नोंदच चुकीची ठरल्याने प्रबंधाच्या वहीतला तिचा क्रमांक खोडला. खोडताना वाईट वाटले, हेही कबूल करते.

बाराव्या दिवशी ती बाळाला घेऊन घरी गेली. ज्या संशयाने मी तिचा जीव घेतला असता, त्याच संशयाने माझा हात तांब्यापर्यंत नेला. हे गणित मी पुष्कळदा तपासले, पूर्ण सुटत नाही. पुढे म्हसवडला जाऊन नाथापुढे उभी राहिले, तेव्हा मागण्यासारखे काही सुचले नाही. नऊ खडे ठेवून आले. शरण जाणे म्हणजे बुद्धी सोडणे, असे मी समजत असे. आपले अनुमान खाली ठेवून समोरच्याला विचारणे, एवढेही त्यात बसत असावे. वही अजून माझ्याजवळ आहे. तिच्या खोडलेल्या क्रमांकाखाली त्या दिवशीची शेवटची नोंद: सायंकाळी सहा, मागील दोन तासांत एकशे साठ मिलिलिटर.